टाकाऊतून टिकाऊ, पण रोजच्या कामाचं: नागपूरच्या घरासाठी

घरातल्या जुन्या वस्तूंचं काहीतरी करायचं म्हटलं की बहुतेकांची सुरुवात रंगवलेल्या बाटलीपासून होते. ती फुलदाणी म्हणून चार महिने शोकेसमध्ये राहते आणि मग कचऱ्यात जाते. वर रंग, गोंद आणि चकाकी चिकटल्यामुळे आता ती कबाडीसुद्धा घेत नाही. म्हणजे जी बाटली सरळ काचेच्या भट्टीत गेली असती, ती भांडेवाडीच्या कचरा डेपोत, ढिगात गेली.

म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी घराला काय लागतं ते बघा. नागपुरात ते बरंचसं ऋतूच ठरवतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा सावली, ओलावा आणि सुती कापड लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पांघरूण लागतं. पावसाळ्यात दारात पायपुसणं लागतं आणि भाजीची पिशवी तर बारा महिने. या गरजांपैकी एखादी भागत असेल तरच वस्तू बनवा.

आधी कापड ओळखा

कपाट रिकामं केलं की तीन ढीग करा. जे कपडे अजून घालता येतात, ते कापू नका. ते कुणाला तरी द्या, नाहीतर दारावर येणाऱ्या भांडेवालीला द्या. शिवलेला, धड कपडा कपडा म्हणून वापरला जाणं हाच त्याचा सगळ्यात चांगला पुनर्वापर. दुसरा ढीग सुती कापडाचा आणि तिसरा पॉलिस्टर, नायलॉन, जॉर्जेट यांचा. लेखातलं शिवणकाम जवळपास सगळं दुसऱ्या ढिगाचं आहे.

सुती की पॉलिस्टर हे हाताला नेहमी कळत नाही, कारण बाजारात मिश्र धाग्याचं कापड भरपूर आहे. त्यासाठी शिवणीच्या आतून दोन बोटं लांब धागे काढा, चिमट्यात धरा आणि पाणी भरलेल्या स्टीलच्या ताटावर पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत भुरभुर जळतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी टणक काळा मणी उरतो. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर. राखेत बारीक खडे लागले तर कापड मिश्र आहे. पंखा बंद ठेवा आणि हे काम मुलांच्या हाती देऊ नका.

मग ताकद तपासा. कापड उजेडासमोर धरा, जिथे जाळीसारखं दिसतं तिथे ते विरलंय. दोन्ही अंगठे जवळ ठेवून आडवं आणि उभं ताणा. "टर्र" झालं तर ते फक्त पुसायच्या फडक्याचं. साडी बहुधा घडीच्या रेषेवर आणि निऱ्या खोचतो तिथे आधी जाते, त्यामुळे तेवढाच भाग काढून बाकीची वापरता येते.

गोधडी: सगळ्यात जास्त कापड आणि सगळ्यात जास्त उपयोग

नवशिक्यांना गोधडी अवघड वाटते, पण तिच्यात एकच टाका आहे, धावदोरा. चुकतं ते तयारीत.

एका माणसाच्या गोधडीसाठी जुन्या सुती सहावारी साड्या घ्या. कूलरसमोर झोपताना अंगावर घ्यायला दोन साड्यांची चार पदरी पुरते, थंडीसाठी तीन साड्यांची सहा पदरी. सहापेक्षा जास्त पदर हाताच्या सुईने शिवू नका. सुई वाकते, टाका खालपर्यंत पोचत नाही आणि मधले थर गोळा होतात. जाड हवी असेल तर मधल्या एका थराऐवजी जुनी सुती चादर घाला.

पहिलं काम धुण्याचं. सगळ्या साड्या, एखादी नवी दिसत असली तरी, गरम पाण्यात एकत्र न करता वेगवेगळ्या धुवा. स्टार्च निघून गेला पाहिजे. स्टार्च राहिला तर सुई अडते, आणि एक साडी आधी आटलेली व दुसरी न आटलेली असेल तर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. रंग तपासायला ओल्या पांढऱ्या रुमालाने साडी जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी फिक्या साडीशेजारी येऊ देऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात, पण एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. तीन-चार वेळा धुऊन जादा रंग काढणं एवढाच उपाय, नाहीतर गडद साड्यांची वेगळी गोधडी करा.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सुमारे 115 सेंटीमीटर पन्ह्याची असते. तिचे 220 सेंटीमीटरचे दोन तुकडे पाडले की मीटरभर कापड उरतं, त्यात छोट्या उशांचे दोन अभ्रे निघतात. सर्वांत मजबूत तुकडा खालचा थर. तो पूर्ण 115 बाय 220 ठेवा. बाकी सगळे थर चारी बाजूंनी 4 सेंटीमीटर कमी, म्हणजे 107 बाय 212 कापा. यात मधल्या साड्यांचे बारीक काठ आपोआप निघून जातात, आणि ते बरंच, कारण घट्ट विणीच्या काठातून सुई जात नाही. काठ रुंद असेल तर तोही पूर्ण काढा आणि कमी पडलेल्या जागी साध्या कापडाची पट्टी शेजारी लावा. कडेला कड टेकली पाहिजे, एकमेकांवर चढता कामा नये. विरलेले तुकडे मध्ये आणि देखणी साडी वर.

थर मांडायला खोलीतली फरशी स्वच्छ पुसून घ्या. खालची साडी सुलट बाजू जमिनीकडे करून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. एकेक थर पसरताना हात मधून बाहेर फिरवा, ताणू नका. ताणून बसवलेलं कापड वजन काढलं की मागे येतं आणि तिथेच पुढे फुगा दिसतो.

आता कच्चा टाका. ही पायरी टाळली की गोधडी हमखास तिरकी होते. लांब सुई आणि वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, मध्यापासून सुरू करून चारी कडांकडे जा आणि मग दर 15 सेंटीमीटरवर उभी-आडवी चौकट पाडा. टाके बोटभर लांब चालतील, शेवटी ते उसवायचेच आहेत. एवढं झालं की गोधडी उचलून पलंगावर किंवा मांडीवर घेऊन शिवता येते.

पक्क्या शिवणीला जाड सुती दोरा आणि मोठ्या नेढ्याची, टोकदार सुई. पोती शिवायचं दाभण घेऊ नका, त्याने पडलेली भोकं जुन्या कापडात मिटत नाहीत. ओळीओळीत अडीच सेंटीमीटर अंतर धरलं तर 107 सेंटीमीटर रुंदीत जवळपास 43 ओळी बसतात. प्रत्येक ओळ सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे शंभर मीटरच्या जवळ दोरा. गाठी आणि वरखाली जाणारे टाके धरून दीडशे मीटर दोरा एकदमच आणा, नंतर त्याच छटेचा मिळेलच असं नाही. एका वेळी हातभर, म्हणजे साठ-सत्तर सेंटीमीटर दोरा ओवा. त्याहून लांब दोऱ्याला पीळ बसतो आणि गुंता होतो. टाका अर्ध्या सेंटीमीटरचा ठेवा. एकदम तीन-चार टाके सुईवर घेतले की काम भराभर होतं, पण प्रत्येक वेळी खालचा हात गोधडीखाली घालून सुईचं टोक लागतंय का ते बघा. गाठ थरांच्या आत लपवा. वर राहिलेली गाठ धुताना सुटते.

दोरा किती ओढायचा हे हाताला लवकर कळतं. ओळ पूर्ण झाली की तिच्यावरून तळवा फिरवा. चुण्या लागल्या तर दोरा जास्त ओढलाय, सुईच्या मागच्या टोकाने टाके थोडे सैल करून घ्या. दहा ओळी शिवून झाल्यावर हे करता येत नाही.

कडेला खालचा थर 4 सेंटीमीटर बाहेर आहे. लांबीच्या दोन्ही बाजूंना साडीची विणलेली कड असल्यामुळे धागे सुटत नाहीत, म्हणून ती एकदाच दुमडून वरच्या थरावर शिवा. खालच्या साडीचा काठ वर येतो आणि गोधडीला किनार मिळते. आखूड बाजूंना मात्र कापलेली कड आहे, ती 2 सेंटीमीटर आत आणि 2 सेंटीमीटर वर अशी दोनदा दुमडा.

पॉलिस्टरची साडी मध्ये घालावी का? नको. ती घाम शोषत नाही, गरम होते आणि टाक्यांमधून सरकते. घरात तान्हं बाळ येणार असेल तर सगळ्यात मऊ, सगळ्यात जास्त धुतलेली साडी गोधडीला न वापरता दुपट्यासाठी राखा. दोन पदरी, 90 बाय 90, कडा शिवलेल्या, आणि वापरण्याआधी पाण्यात उकळलेली. त्यावर जर, टिकली किंवा सुटा धागा राहू देऊ नका. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो.

जीन्सची भाजीपिशवी

जीन्सचा पाय आतल्या शिवणीवर उसवला की एक उभा तुकडा मिळतो. गुडघ्याची जागा उजेडासमोर धरून बघा, ती बहुधा विरलेली असते. तो भाग टाळून प्रत्येक पायातून 42 रुंद आणि 45 लांब असा एक तुकडा काढा. जीन्स खाली निमुळती असेल तर रुंदी 36 वर आली तरी चालेल, पण दोन्ही तुकडे सारखेच हवेत.

सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंना दीड सेंटीमीटर आत शिवा आणि त्याच शिवणीवर दुसऱ्यांदा मशीन फिरवा. मग तळाचा प्रत्येक कोपरा असा दाबा की बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकावर एक येईल. तयार झालेल्या त्रिकोणावर 10 सेंटीमीटर लांब आडवी शिवण मारा. याने पिशवीला बूड येतं आणि सांबार (कोथिंबीर) आणि पालकाच्या जुड्या वाकड्या न होता उभ्या राहतात. वरची कड 3 सेंटीमीटर आत दुमडून शिवा.

बंदासाठी कमरेचा पट्टा उसवून त्याचे दोन भाग करा. बटण आणि लूप काढून टाका. प्रत्येक भाग चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरचा होतो, हातात धरायला तेवढा बरोबर. बंद पिशवीवर 5 सेंटीमीटर चढवा आणि तिथे चौकोन शिवून आत फुली मारा. नुसती आडवी शिवण पाच किलो कांद्यांना टिकत नाही. कॉटन मार्केटमधून आठवड्याची भाजी आणायची असेल तर ही फुली टाळूच नका.

घरच्या मशीनवर 16 नंबरची सुई लावा, जाड जीन्सला 18. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुई तुटते ती जवळजवळ नेहमी शिवणीवर शिवण येते तिथे. ती जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करा, तिथे मोटर न वापरता चाक हाताने फिरवा आणि मशीनच्या पायाच्या, म्हणजे कापड दाबणाऱ्या पट्टीच्या, मागे जीन्सचा दुमडलेला तुकडा ठेवा, म्हणजे तो पाय तिरका होत नाही. लायक्राची, ताणली जाणारी जीन्स असेल तर आतून सुती अस्तर लावा, नाहीतर पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते.

टी-शर्ट, धोतर, चादरी

सुती टी-शर्टच्या काखेखालच्या भागाच्या 3 सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा आणि ताणा, त्या आपोआप गुंडाळून दोऱ्यासारख्या होतात. तीन पट्ट्यांची वेणी घाला, गोल गोल गुंडाळत शेजारच्या वेढ्याला जाड दोऱ्याने शिवत जा. हे काम मांडीवर करू नका, सपाट टेबलावर करा. वेढा ओढून बसवला की पायपुसण्याच्या कडा वाटीसारख्या वर येतात आणि मग पाय अडखळतो. साधारण पाच-सहा टी-शर्टमध्ये दारापुरतं पायपुसणं होतं. खेळाचे पॉलिस्टर टी-शर्ट पाणी पीत नाहीत, ते यात घेऊ नका.

पांढरी धोतरं आणि रंग न जाणाऱ्या फिक्या साड्या वाळवणासाठी ठेवा. कुरडया, सांडगे, शेवया घालायच्या कापडाला कपडे मऊ करणारं द्रावण कधी लावू नका आणि पहिल्यांदा ते उकळून घ्या. हे कापड वेगळ्या पिशवीत, बाकी फडक्यांपासून दूर राहू द्या.

जुन्या सुती चादरीचा आणखी एक उपयोग एप्रिल-मे मध्ये होतो. खिडकीला दोरी बांधून ओली चादर लावली की आत येणारी हवा गार होते. हवा कोरडी असते तोवरच हे चालतं. मृगाचा पाऊस पडला की चादर वाळत नाही, खोलीत फक्त दमटपणा वाढतो आणि भिंतीला बुरशी धरते.

तान्ह्या (म्हणजे मुलांच्या) पोळ्याच्या लाकडी बैलाची झूल उरलेल्या काठांतून सहज होते. बैलाच्या पाठीवरून पोटाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोरी टाकून माप घ्या, अस्तराला जुन्या शर्टाचं कापड लावा आणि झूल चिकटवू नका, पोटाखाली नाडीने बांधा. गोंद लाकडाचा रंग उचलतो.

कूलर जुना झाला की

या शहरात बहुतेक घरांच्या मागे एक तरी गंजलेला लोखंडी कूलर उभा असतो. आधी मोटर, पंप आणि वायर काढून घ्या. मोटरमध्ये तांब्याचं वाइंडिंग असेल तर कबाडीकडे तिचा भाव पत्र्यापेक्षा वेगळा लावून मागा.

ताट्यांमधल्या जुन्या वूडवूलचं (लाकडाच्या बारीक तंतूंचं) कुंड्यांवर चांगलं आच्छादन होतं. पण बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरे क्षार चढलेले असतात. दोन वेळा बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या, वाळवा आणि कुंडीत 5 सेंटीमीटर जाड थर पसरा. खोडाभोवती तीन-चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. खाकी जाळीचे, पुठ्ठ्यासारखे दिसणारे हनीकोंब पॅड मात्र कुंडीत घालू नका, त्यांना राळ लावलेली असते.

खालची टाकी गंजून गळत असेल तर झाडांसाठी ती उत्तमच, पाणी साठत नाही. गळत नसेल तर तळाला दर 15 सेंटीमीटरवर 10 मिलिमीटरचं भोक पाडा. कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला आणि वरची कड पकडीने आत वळवा. मग वजनाचा हिशेब करा. 60 बाय 60 बाय 30 सेंटीमीटरच्या टाकीत 108 लिटर माती बसते. नुसती काळी माती भरली तर ओली झाल्यावर ती पावणेदोनशे किलोच्या आसपास जाते. माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या मापाने मिसळा, वजन बरंच उतरतं. तरीही टाकी गच्चीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या टोकाला नको. भिंतीलगत, शक्यतो बीमवर, चार विटांवर ठेवा. खालून हवा खेळली की स्लॅबला ओल धरत नाही.

कूलरच्या टाकीला आतून डांबर किंवा ऑइल पेंट मारलेला असतो, आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून त्यात पालेभाजी लावू नका. झेंडू, सदाफुली, मोगरा लावा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर जुलैच्या मध्यात बी टाका आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं टाकीत 30 सेंटीमीटर अंतराने लावा. सांबार आणि मेथीसाठी तेलाचा रिकामा पिपा घ्या. पिपा आडवा ठेवून वरची बाजू कापा, तळाला सहा-सात भोकं पाडा. सांबाराचे धने हलक्या हाताने लाटून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि एक सेंटीमीटर खोल पेरा. ऑक्टोबर ते जानेवारी हा त्याचा काळ. मे महिन्यात कितीही पाणी घातलं तरी तो टिकत नाही.

गार न करणारा माठ

दोन-तीन उन्हाळ्यांनी माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात आणि पाणी गार होत नाही. आधी नारळाच्या काथ्याने, साबण न लावता, आतून-बाहेरून घासून बघा. तरीही फरक पडला नाही तर माठ भरून ठेवा आणि सकाळी बाहेरून हात लावा. ओलसर लागला तर तो बागेत कामाचा आहे. रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, तोंडावर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळांपाशी झिरपतं आणि लग्नकार्याला दोन-तीन दिवस बाहेरगावी गेलं तरी झाडं तग धरतात. बाहेरून कोरडाच राहिला तर पुरून उपयोग नाही, बुडाला भोक पाडून त्याची कुंडी करा. रंगवलेला माठ झिरपत नाही, हेही लक्षात ठेवा.

पेंटच्या 20 लिटरच्या बादल्यांना भोकं पाडताना सळई तापवून टेकवू नका, प्लास्टिकचा धूर वाईट असतो. ड्रिलने 8 मिलिमीटरची पाच-सहा भोकं पाडा. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या धुऊन, खाली चार छिद्रं पाडून, त्यात रोपं तयार करता येतात.

काय वापरू नये

कीटकनाशकाचा डबा किंवा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला आणि धान्याला वापरू नका. ढेकूण लागलेली गादी दुसऱ्या कशात भरू नका. ढेकूण नसतील तर रुई दोन दिवस कडक उन्हात घालून पिंजून घेता येते आणि उशा, लोड भरता येतात.

टायरची कुंडी दिसायला छान, पण आतल्या घळीत पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं. टायर वापरायचाच असेल तर खालच्या कडेला गोलाकार सात-आठ मोठी भोकं पाडा. गच्चीवरचा प्रत्येक रिकामा डबा उपडा ठेवा, आणि कुंड्यांखालच्या थाळ्या पावसाळ्यात दर आठवड्याला ओतून घासून कोरड्या करा, कारण डासाची अंडी थाळीच्या कडेला चिकटून राहतात.

ट्यूबलाइट, सीएफएल, मोबाइलची बॅटरी, चार्जर यांचं घरी काही बनवायचं नाही. एलईडी नसलेल्या ट्यूबमध्ये आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फुगलेली बॅटरी टोचली तर पेट घेते. ट्यूब आणि सीएफएल कागदात गुंडाळून न फुटता ठेवा, बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, आणि हे सगळं ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.